सप्लाय गेला, यंत्र नाही

जुन्या वर्कस्टेशनचा पॉवर सप्लाय गेला की ते यंत्रच संपले, असे मानणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढत चालली आहे. अमरावतीत शिक्षकांच्या एका बैठकीत एका प्राध्यापक स्नेह्यांनी हेच मत ठासून मांडले. त्यांचे म्हणणे असे: पंचवीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचा सप्लाय बाजारात मिळत नाही, मिळालाच तर परवडत नाही, दुरुस्त करणारा माणूस वऱ्हाडात नाही, आणि त्या यंत्रावर जे चालायचे ते सगळे आज लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून चालते. तेव्हा डेड स्टॉक रजिस्टरमधून नाव कमी करावे, यंत्र भंगारात द्यावे आणि खोली मोकळी करावी. बहुतेकांनी माना डोलावल्या. सरांबद्दल मला आदर आहे. पण अकोल्यात माझे निम्मे आयुष्य एसएमपीएस, म्हणजे संगणकाचे पॉवर सप्लाय, उघडण्यात गेले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की त्यांच्या म्हणण्यातले एकच कलम अर्धेमुर्धे खरे आहे. बाकीची तिन्ही चूक आहेत, आणि त्या चुकीपायी चांगली यंत्रे भंगारात जात आहेत.

बोलतो आहे ते नेहमीच्या पीसीबद्दल नाही. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ साली निघाली. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. सन, सिलिकॉन ग्राफिक्स, एचपी, डेक यांची वर्कस्टेशने १९९०च्या दशकात चिप डिझाइन, कॅड, नकाशे, संशोधनातली आकडेमोड अशा भारी कामांसाठी घेतली जात. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ साली परम १०००० हा महासंगणक उभा केला, तोही सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर. त्याच वर्षी आलेल्या सनच्या अल्ट्रा ५ आणि अल्ट्रा १० या यंत्रांनी किमती बऱ्याच खाली आणल्या आणि शिक्षणसंस्थांनाही वर्कस्टेशन घेणे जमू लागले. ही यंत्रे जाड पत्र्याची, भक्कम बोर्डांची, वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालावीत म्हणून बांधलेली आहेत. त्यांच्यात सगळ्यात आधी काय जाते? सप्लाय. तोच आधी जाणार हे तो बनवणाऱ्यालाही ठाऊक असते, कारण त्यातले काही भाग झिजण्याच्याच जातीचे आहेत.

विहिरीवरची मोटर जळली तर आपला शेतकरी रिवाइंडिंगवाल्याकडे जातो, विहीर बुजवत नाही. वर्कस्टेशनच्या बाबतीत शिकलेली माणसे नेमकी विहीर बुजवायला निघाली आहेत.

सप्लायमध्ये घडते ते असे. भिंतीतून आलेले २३० व्होल्ट एसी आधी डायोडच्या ब्रिजमधून जाऊन डीसी होतात आणि मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट जमा होतात. पुढे एक ट्रान्झिस्टर हे व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, ते लहानशा फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून जाते आणि पलीकडे ५, ३.३, १२ आणि उणे १२ व्होल्ट निघतात. या सगळ्यावर लक्ष ठेवणारी एक छोटी आयसी असते. हे ज्ञान कुठल्या परदेशी कंपनीच्या तिजोरीत बंद नाही. याच जातीचा फ्लायबॅक कन्व्हर्टर आपल्याच अभ्यासक्रमात आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४चे. बडनेऱ्याचे आणि शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३चे, आणि त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झाले. इतकी वर्षे इथली मुले परीक्षेत फ्लायबॅकची आकृती काढून गुण मिळवत आली आहेत. त्याच भागात ‘दुरुस्त करणारा माणूस नाही’ हे वाक्य एका प्राध्यापकाच्या तोंडून ऐकावे लागते, याचे मला फार वाईट वाटते. माणसे आहेत. त्यांच्या हातात सप्लाय कोणी देत नाही.

एक बिघाड जवळून दाखवतो, कारण संस्थांमधल्या यंत्रांत तो पुन्हा पुन्हा आढळतो. यंत्र वर्षानुवर्षे चालू असते. उन्हाळ्याच्या सुटीत कोणीतरी ते बंद करते. जूनमध्ये बटण दाबले जाते आणि काहीच होत नाही: पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही. लगेच निदान होते की ‘सप्लाय जळाला’. जळालेले काहीही नसते. त्या नियंत्रक आयसीला सुरुवातीचा घोट देण्यासाठी तिच्या शेजारी बोटाच्या पेराहून लहान असा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, बऱ्याचदा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा. बटण दाबल्यावर मोठ्या रेझिस्टरमधून तो हळूहळू भरतो, आयसी जागी होते, आणि ट्रान्सफॉर्मरची एक वेगळी वाइंडिंग तिला पुढचा पुरवठा सुरू करीपर्यंत तेवढा क्षणभराचा भार हा कपॅसिटर सांभाळतो. एकदा सप्लाय चालू झाला की त्याच्यावर फारसा ताण नसतो. म्हणून आतून सुकत आलेला असला तरी चालू यंत्रात तो कोणाच्या लक्षात येत नाही. सुटीनंतर पहिल्यांदा खरी परीक्षा होते आणि तो तिथे नापास होतो. बरेचदा तो फुगलेलाही नसतो, त्यामुळे नुसते पाहून काही कळत नाही. कपॅसिटरचा आतला रोध मोजणारा ईएसआर मीटर लावला की मात्र एखाद्या ओहमच्या आसपास असायला हवे तिथे काटा कितीतरी वर जातो. चहाच्या कपाच्या किमतीतला भाग बदलला की पंखा फिरतो. काही वेळा तो भाग चांगला निघतो आणि त्याला भरणारा रेझिस्टर तुटलेला असतो. तोही तितकाच स्वस्त.

मी अशा वेळी काय करतो तेही सांगतो, म्हणजे ही जादू नाही हे कळेल. प्लग काढून झाल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेवर व्होल्ट टिकून असू शकतात. म्हणून आधी दहा वॅटचा दोन-अडीच किलोओहमचा रेझिस्टर इन्सुलेशनच्या चिमट्याने धरून तो रिकामा करायचा, आणि मीटरवर शून्याच्या आसपास आकडा दिसल्याशिवाय बोर्डाला बोट लावायचे नाही. ज्याला हे शिकवलेले नाही त्याने सप्लायचे झाकण उघडू नये, हे मी प्रत्येक मुलाला सांगतो. मग फ्यूज, ब्रिज, स्विचिंग ट्रान्झिस्टर, दुय्यम बाजूचे डायोड मीटरने तपासायचे. दुरुस्ती झाल्यावर थेट लाईनला जोडायचे नाही, सिरीज बोर्डवर लावायचे: जुना साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा बल्ब सप्लायच्या मालिकेत. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर भरला, शॉर्ट नाही. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बने आपला ट्रान्झिस्टर वाचवला. अकोल्यातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्यांनी ही पद्धत कितीतरी वर्षे वापरली. तेच लोक आज मोबाईलच्या काचा बदलत बसले आहेत.

‘पण त्यातून धूर आला होता,’ हाही पुरावा म्हणून पुढे केला जातो. धुराची भीती मला समजते. परंतु जुन्या युरोपीय बनावटीच्या फिल्टरांत लाईनला आडवा बसवलेला पिवळसर पारदर्शक कागदी कपॅसिटर असतो. रिफा कंपनीचे असे कपॅसिटर त्यासाठी जगभर बदनाम आहेत. त्यांच्या कवचाला वयामुळे तडे जातात, पावसाळ्यात आत ओल शिरते, आणि एक दिवस ते उग्र वासाचा धूर सोडून फुटतात. खोली भरते, लोक पळतात, यंत्राचे नाव कट होते. मात्र हा कपॅसिटर यंत्राचा खडखडाट लाईनमध्ये जाऊ नये म्हणून असतो. तो फुटल्याने मागचे सगळे बहुधा शाबूत राहते. त्याच्या जागी एक्स-टू वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा फिल्म कपॅसिटर बसवायचा. एक्स-टू हे अक्षर पाहूनच घ्यायचा, हाताशी आहे म्हणून दुसरा कुठला नाही.

वऱ्हाडाला स्वतःची दोन दुखणी आहेत, आणि यंत्र ‘जुने झाले’ असे म्हणताना ती लक्षात घ्यायला हवीत. एक ऊन. तापमान दहा अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर वेळी साधारण निम्मे होते. १०५ अंशांवर २००० तास असे लिहिलेला कपॅसिटर ५५ अंशांवर राहिला तर हिशेबाने ६४,००० तास, म्हणजे अखंड चालून सात वर्षांवर. तोच ६५ अंशांवर ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आसपास. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. एसी बंद पडलेल्या प्रयोगशाळेत, धुळीने जाळी भरलेल्या सप्लायच्या आत काय होत असेल ते यावरून समजावे. पुण्या-बंगळुरूत जे यंत्र अजून चालते त्याचा सप्लाय इथे आधी जातो, एवढेच. यंत्राच्या बोर्डाचा यात काही दोष नाही.

दुसरे दुखणे लाईनचे. डीपीवर किंवा इमारतीच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल सैल झाला की एका फेजवर व्होल्टेज पडते आणि दुसऱ्यावर चारशेकडे चढते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतायचे कोणाच्या ध्यानात राहत नाही. अशा वेळी सप्लायच्या तोंडाशी असलेला, जादा व्होल्टेज गिळणारा एमओव्ही फुटतो आणि फ्यूज उडतो. या दोघांना त्यासाठीच तिथे ठेवलेले असते. त्यांनी आपले काम केले म्हणून मागच्या यंत्राला मृत ठरवायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते? मी एका संस्थेत पाहिले की न्यूट्रल सुटल्यानंतर रांगेतली सगळी यंत्रे एका सहीत निर्लेखित झाली. एकाही सप्लायचे झाकण उघडले गेले नव्हते. सैल न्यूट्रल मात्र तसाच होता, आणि नवी यंत्रे त्याच पॅनेलला लावली गेली. माझा संताप त्या दिवसापासून आहे.

आता ‘सप्लाय मिळत नाही’. कंपनीकडून तयार सप्लाय मिळत नाही, पण तेवढ्याने ते कलम खरे ठरत नाही. सन कंपनी २०१० साली ओरॅकलने घेतली, आणि त्या काळातल्या यंत्रांचे सुटे भाग तिच्याकडून मिळण्याची आशा धरू नये. परदेशातून जुना सप्लाय मागवता येतो, पण ते मी कधी सुचवत नाही. कोणी कपाटात जपून ठेवलेला सप्लाय कितीही कोरा दिसला तरी त्यातले कपॅसिटर तुमच्या मेलेल्या सप्लायच्याच वयाचे असतात. ‘अस्सल तेच हवे’ म्हणणाऱ्या हौशी मंडळींशी माझे इथेच जमत नाही. आपल्याला सप्लाय मिळवायचा नसून त्यातले भाग मिळवायचे आहेत, आणि ते मिळतात. पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, आणि कुरिअर. मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नाशिकला बनतात. केरळच्या केल्ट्रॉनचे कपॅसिटर आहेत. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासोनिक ही जपानी नावे आहेत. काळजी घ्यायची ती नकली मालाची. हलक्या वजनाचा, वेष्टनावर मोठे आकडे छापलेला कपॅसिटर घेतला की सहा महिन्यांत पुन्हा तेच.

सरांच्या विरुद्ध टोकाला उभा असलेला एक गट आहे. त्याच्याशी वाद घालणे मला जास्त निकडीचे वाटते, कारण सर यंत्र भंगारात देतात तर हा गट ते जिवंतपणी मारतो. ‘कशाला दुरुस्ती? पाचशे-सातशेचा एटीएक्स एसएमपीएस घ्या, वायरी जोडा, झाले.’ एटीएक्स हा इंटेलने १९९५ साली आणलेला साचा आहे. वर्कस्टेशन कंपन्या स्वतःचे कनेक्टर, स्वतःची तारांची मांडणी वापरत. कनेक्टर बसला म्हणजे जुळला असे नाही. डेलच्या १९९०च्या दशकाच्या अखेरच्या काही पीसींमध्ये कनेक्टर हुबेहूब एटीएक्ससारखा आणि तारांचा क्रम वेगळा होता. साधा एटीएक्स सप्लाय लावून लोकांनी चांगले मदरबोर्ड जाळले. वर्कस्टेशनमध्ये तर हा धोका आणखी मोठा.

समजा तारा ओळखल्या. तरी हिशेब राहतोच. आजचे सप्लाय आपली बहुतेक ताकद १२ व्होल्टवर देतात, कारण आजचा प्रोसेसर तिथून घेतो. जुनी यंत्रे ५ आणि ३.३ व्होल्टवर भूक भागवतात. डब्यावर ४५० वॅट लिहिलेल्या सप्लायच्या ५ व्होल्टच्या ओळीत किती अँपियर लिहिले आहेत ते वाचा, मग बोला. स्वस्त सप्लायमध्ये ५ व्होल्टवर जड भार आणि १२वर हलका भार पडला की १२ व्होल्ट वर चढतात आणि हार्ड डिस्कच्या जिवावर उठतात. जुन्या सिरीयल पोर्टच्या आयसींना लागणारे उणे १२ व्होल्ट पुरेसे आहेत का, ते कोणी पाहत नाही. अनेक जुन्या सप्लायना सेन्सच्या बारीक तारा असतात, ज्यांवरून सप्लाय बोर्डापाशी खरोखर किती व्होल्ट पोचले ते जाणतो. त्या तोडून टाकल्या जातात. ‘पॉवर गुड’चा संकेत किती वेळाने यावा आणि वर जावा की खाली, याचीही प्रत्येकाची रीत वेगळी. स्वस्त डब्यात तर लाईन फिल्टरची जागा बोर्डावर छापलेली असते आणि तिथे नुसती तार टाकलेली असते.

नवा सप्लाय बसवूच नये असे माझे म्हणणे नाही. ट्रान्सफॉर्मर जळाला असेल किंवा छापील पट्ट्याच उखडल्या असतील तर तोच मार्ग उरतो, आणि तो नीट जमतोही. जुन्या सप्लायची पेटी, पंखा, कनेक्टर आणि वायरी ठेवायच्या. सर्व्हिस मॅन्युअल आणि मीटर दोन्हींवरून प्रत्येक तार नक्की करायची. एकट्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. ५ आणि ३.३ व्होल्टवर पुरेसे अँपियर देणारा नावाजलेला सप्लाय निवडून त्याचा बोर्ड जुन्या पेटीत बसवायचा. यंत्राला जोडण्याआधी खोटा भार द्यायचा: १२ व्होल्टवर गाडीच्या हेडलाईटचा बल्ब, ५ व्होल्टवर जाड वायरवाउंड रेझिस्टर. ५ व्होल्ट ४.७५ आणि ५.२५च्या आत राहिले पाहिजेत; रिपल ऑसिलोस्कोपवर ५० मिलिव्होल्टच्या आत. अर्धा तास भारावर ठेवून हात लावून पाहायचे. तेव्हा कुठे मदरबोर्डचा कनेक्टर लावायचा. एवढे केले की यंत्र सुखरूप राहते, आणि याला लागणारे प्रत्येक उपकरण आपल्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत आहे.

एम्युलेटरचे कलम अर्धेमुर्धे खरे, असे मी सुरुवातीला म्हणालो ते यासाठी. डिस्कची प्रत काढून ठेवणे हे सगळ्यात आधी करायचे काम आहे, त्यासाठी यंत्र चालू असण्याचीही गरज नाही, आणि कित्येक जुने प्रोग्रॅम क्यूईएमयू या एम्युलेटरवर उत्तम चालतात. तिथपर्यंत मी सरांच्या बाजूचा. पण सनच्या यंत्रात एका चिपमध्ये होस्ट आयडी असतो, त्या यंत्राची ओळख. महागडे कॅड आणि डिझाइनचे सॉफ्टवेअर परवान्याने त्या आकड्याशी बांधलेले असे. त्या चिपच्या पोटात बॅटरी असते, तीही मरते, आणि आकडा पुसला जातो. म्हणून सप्लाय दुरुस्त करून यंत्र एकदा उठवणे आणि तो आकडा लिहून घेणे हे तातडीचे असते. आणि यंत्राला जोडलेली मोजणीची उपकरणे, खास कार्डे, टेपचे ड्राइव्ह हे कुठल्या एम्युलेटरमध्ये जोडणार? आपल्या छापखान्यांचेही असेच आहे. मराठी डीटीपीच्या जुन्या पॅकेजांना पॅरलल पोर्टवर लॉक लागे, आणि युनिकोडपूर्व फॉन्टमधली पुस्तके, स्मरणिका, गॅझेट आजच्या संगणकावर उघडली की अगम्य अक्षरे दिसतात. ज्यांनी जुने यंत्र ठेवले त्यांच्याकडे मजकूर आहे.

राहिला कचऱ्याचा प्रश्न. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि संस्थांनी असा माल नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच द्यायचा आहे. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केले. कागदावर दुरुस्तीला मान मिळाला. प्रयोगशाळेतल्या शिपायाला मात्र अजून वरून निरोप येतो, ‘ते डबडं उचलून टाका.’ आणि तोच मला विचारतो, “सर, चालू होत असन तं काहून फेकून राह्यले जी?” त्याला जे कळते ते समितीला कळू नये?

माझी मागणी साधी आहे. कोणत्याही वर्कस्टेशनच्या निर्लेखनाच्या प्रस्तावाला मोजमापाचा एक कागद जोडलेला असावा. फ्यूज शाबूत की उडालेला, मोठ्या कपॅसिटरवर किती व्होल्ट, स्टार्टअप कपॅसिटरचा ईएसआर किती, दुय्यम बाजूचे डायोड चांगले की शॉर्ट, सप्लाय खोट्या भारावर उठतो की नाही, बाहेरच्या तपासलेल्या सप्लायवर मदरबोर्ड काय सांगतो, डिस्कची प्रत काढली का, होस्ट आयडी लिहून घेतला का, आणि त्या खोलीतल्या सॉकेटला न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात किती व्होल्ट आहेत. हा कागद तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकाच्या देखरेखीखाली भरावा आणि खाली त्यांची नावे असावीत. अकोला-अमरावतीत ज्या संस्थेला हे सुरू करायचे असेल तिथे मी सिरीज बोर्ड घेऊन येईन आणि पहिले काही सप्लाय मुलांबरोबर बसून उघडीन. कागद जोडलेला नसेल तर समितीने त्या प्रस्तावावर सही करू नये.